खांद्यावरचा घट्टा
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



परदेशात पाहिलेल्या एखाद्या उत्सवाविषयी मी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. मी वक्ता नव्हे आणि प्रवासीही नव्हे. मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढीच माझी विद्या. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांतून, हिंगणघाट आणि आर्वी तालुक्यांतील खेड्यांत गेली. परंतु चिरंजीव टोकियो येथे संगणकाच्या कामावर असल्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात मला व सौभाग्यवतींना तेथे सहा आठवडे राहण्याचा योग आला. त्या मुक्कामात एका देवळाचा उत्सव पाहिला. तो उत्सव आपल्या समाजाच्या दृष्टीने इतका जवळचा निघाला, की परत आल्यापासून ही गोष्ट कोणास तरी सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

वर्धेकरांस जपान अगदीच परका नाही. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू, ज्यांना आपल्याकडे फुजी गुरुजी म्हणतात, १९३३ साली गांधीजींना भेटावयास वर्धेस आले होते, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. गोपुरीकडचा पांढरा विश्वशांती स्तूप तर आपण येता-जाता पाहतोच. त्यामुळे जपान म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर चर्मवाद्यावर संथ ठेका धरून रस्त्याच्या कडेने जाणारे शांत भिक्षूच उभे राहत. मी जे पाहिले ते याच्या अगदी उलट होते.

मुलाचे बिऱ्हाड निशिकासाई नावाच्या भागात आहे. तेथे भारतीय कुटुंबे पुष्कळ. सकाळी बागेत फिरावयास गेलो की मराठी कानावर पडत असे. हा भाग ज्या एदोगावा प्रभागात येतो तेथील सभागृहावर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रातून गेलेले गृहस्थ निवडून आले होते, हे ऐकून मला अभिमान वाटला. तेथून भुयारी गाडीने निहोनबाशीस जावयाचे, गाडी बदलावयाची आणि शेवटच्या स्थानकावर उतरावयाचे; ते असाकुसा. (ही दुसरी गाडी ज्या मार्गाने जाते त्याचा उएनो ते असाकुसा हा तुकडा १९२७ साली उघडला, आणि आशियातील भुयारी रेल्वेचा आरंभ तेथेच झाला. शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून सांगितले.)

आता त्या देवाची कथा ऐका. सेन्सोजी हे टोकियोतील सर्वांत जुने बौद्ध मंदिर. परंपरा अशी सांगते की सन ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघे भाऊ मासे धरीत होते. हिनोकुमा हामानारी व हिनोकुमा ताकेनारी अशी त्यांची नावे. जाळ्यात मासा येईना. आली ती एक लहानशी मूर्ती. त्यांनी ती पाण्यात टाकून दिली, तरी पुन्हा ती जाळ्यात आलीच. गावचा प्रमुख हाजी नो नाकातोमो याने ती मूर्ती ओळखली. (हे हाजी मक्केस जाऊन आलेले नव्हेत; ते त्यांचे कुलनाम.) ती कान्नोनची मूर्ती होती. कान्नोन म्हणजे आपल्या भारतातूनच चीनमार्गे तेथवर गेलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. नाकातोमोने आपल्या घराचेच मंदिर केले आणि स्वतः भिक्षू झाला. ती मूर्ती आजही बंद आहे. कोणास दाखवीत नाहीत.

येथपर्यंतची कथा आपल्याकडेही शोभेल. डोहात, विहिरीत, जाळ्यात देव सापडल्याच्या गोष्टी आपल्या प्रत्येक नदीकाठी आहेत. पण आपल्याकडे देव सापडला की देऊळ देवाचे होते, आणि ज्याच्या जाळ्यात तो आला तो ढिवर पायरीच्या खाली राहतो. तेथे पुढे काय झाले? त्या मोठ्या मंदिराला लागूनच दुसरे एक देऊळ उभे राहिले, आणि त्यात देव म्हणून कोण बसले? ते दोघे मासेमार आणि तो गावप्रमुख! तिघांचे म्हणून लोक त्यास सान्जा म्हणतात. अधिकृत नाव असाकुसा देवस्थान. आजची वास्तू तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु याने १६४९ साली बांधविली. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. १० मार्च १९४५ च्या भयंकर बाँबवर्षावात सेन्सोजीचे मुख्य मंदिर जळून खाक झाले, ते १९५८ साली पुन्हा बांधून झाले. पण मासेमारांचे हे देऊळ शेजारी असून वाचले. त्या देवस्थानाचे चिन्ह काय असावे? कमळ नाही, सूर्य नाही. तीन जाळी! कंदिलांवर, पडद्यांवर, कार्यकर्त्यांच्या कपड्यांवर, जेथे पाहावे तेथे मासे धरावयाची तीन जाळी. मी ते चिन्ह पाहत किती वेळ उभा राहिलो असेन कोण जाणे. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, लोकं धक्के मारून राहिले, चला ना पुढे."

दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी शुक्रवार ते रविवार हा उत्सव भरतो. पूर्वी तो मार्चमध्ये होई आणि देवाच्या पालख्या नावांतून सुमिदा नदीवर मिरवीत. १८७२ पासून तो मे महिन्यात आला व पालख्या रस्त्यावर आल्या. २०१२ साली मात्र जुन्या प्रथेचे स्मरण म्हणून त्या पुन्हा एकदा नावेत चढल्या. तीन दिवसांत वीस लक्षांच्या जवळपास लोक जमतात असे सांगतात. शुक्रवारी मिरवणूक आणि जुने नृत्य, ते आम्ही चुकविले. शनिवारी चव्वेचाळीस मोहल्ल्यांच्या पालख्या निघतात, लहानमोठ्या मिळून शंभराच्या सुमारास. रविवारी पहाटे देवस्थानाच्या मुख्य तीन पालख्या निघतात, तिघा देवांच्या तीन, प्रत्येकी सुमारे एक टन वजनाची.

पालखीला तेथे मिकोशी म्हणतात. आपल्या पालखीसारखी ती उघडी नसते. काळ्या रोगणाचे, सोनेरी पत्र्यांनी मढविलेले लहानसे देऊळच ते. शिखरावर पंख पसरलेला सोन्याचा पक्षी, कोपऱ्यांना घंट्या, भोवती जाड दोरखंड, आणि खाली लांबच लांब लाकडी दांड्या. लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून कोणीतरी खूण करतो, सर्व मंडळी एकदम टाळी देतात, आणि "सोइया, सोइया" अशा गजरात ते ओझे खांद्यावर चढते. बायका आणि तरुण मुली पुरुषांच्या बरोबरीने दांडीखाली होत्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी वेगळी लहान पालखी होती. सर्वांच्या अंगात आखूड बंडी, पाठीवर आपापल्या मोहल्ल्याची मोठी अक्षरे, कपाळाला पिळलेले फडके. मोहल्ल्यांच्या मांडवांत वर्गणीदारांची नावे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून भिंतभर लावली होती. हे पाहून मला आपल्या समाजभवनाची आठवण झाली.

मुलाच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे काका त्याच मोहल्ल्यात तांदळाच्या खारट चकत्या भाजून विकतात. त्यांच्याकडे आम्ही पाहुणे होतो. गर्दी फार, म्हणून मी त्यांच्या माडीवरच्या खिडकीत जाऊन बसलो. पालखी गल्लीत वळली तोच काका स्वतः वर आले, लवून नमस्कार केला आणि फार संकोचाने काहीतरी बोलले. मुलगा म्हणाला, "बाबा, खाली चला. देव खालून जात असताना कोणी वरून पाहू नये अशी इथली रीत आहे." मी खाली आलो आणि रस्त्याच्या कडेस उभा राहिलो. पालखी अगदी चार हातांवरून गेली.

तेव्हा माझे लक्ष देवाकडे नव्हते. ते वाहणाऱ्यांच्या पायांकडे गेले, आणि आमच्या आजोबांचा आवाज कानात आला.

आपल्यापैकी वृद्ध मंडळींस ठाऊक आहे, तरुणांस बहुधा नाही, म्हणून सांगतो. आपल्या पूर्वजांचे धंदे दोन, पाण्यात जाळे आणि खांद्यावर मेणा. माझे आजोबा मालगुजाराच्या मेण्याचे भोई होते. बाईसाहेब माहेरी निघाल्या की निरोप येई. वेळ विचारली जात नसे. पेरणीचा दिवस असो की घरात आजारपण असो, जावे लागे. मोबदला पायलीभर ज्वारी आणि वाड्याच्या मागल्या दारी जेवण. पण त्या कामाची विद्या मोठी होती. उंची मापून जोड्या लावीत. पुढचा भोई वाटेतला दगड, चिखल, काटा गाण्याच्या सुरात मागच्यांस सांगत जाई, कारण मागच्यास पुढे काही दिसत नसते. पावले मुद्दाम निरनिराळी पडू द्यायची, म्हणजे आत बसलेल्यास हिसका लागत नाही. आजोबा म्हणत, "खांदा दुखते म्हणून बदलाचा नसते, मागच्यानं सांगतलं म्हणजे बदलाचा असते." टोकियोत सर्व उलट. तेथे सगळे एकाच ठेक्यात पावले टाकतात आणि पालखी मुद्दाम हिसडतात, कारण हिसडल्याने देवाचे तेज जागे होते अशी समजूत. आजोबा असते तर म्हणाले असते, यांना कोणी शिकविलेच नाही!

आजोबांच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या बाजूला, सुपारीएवढा कठीण घट्टा होता. आंघोळीच्या वेळीच तो आम्हास दिसे. लग्नकार्यास जाताना ते ऐन उन्हाळ्यातही खांद्यावरून उपरणे घट्ट घेत. लहानपणी मला वाटे, ही त्यांची ऐट आहे.

मी शाळेत गेलो तेव्हा त्या उपरण्याचा अर्थ कळला. वर्गातले जड कपाट हलवावयाचे होते. मास्तर हसून म्हणाले, "भोयाचा पोर आहे ना, त्याला बोलवा, त्याच्या खांद्याला सवय आहे." सारा वर्ग हसला. त्या मास्तरांचे नाव मी आजवर घेतले नाही, आज तर नाहीच. पण पुढे मी स्वतः मास्तर झालो, बदलीच्या गावी लोकांनी जात विचारली की "ओबीसी" एवढे सांगून विषय बदलीत असे. ("समाजाचे भूषण" म्हणून आपण माझा एकदा सत्कार केला होता, म्हणून हे कबूल करणे भाग आहे.) आजोबांच्या धंद्याविषयी मी मुलाजवळ कधी चकार शब्द काढला नाही. त्यास ते दुसऱ्याच कोणाकडून कळले होते.

असो. पालखी पुढे गेली. दुपारी काका आमच्याजवळ येऊन बसले. वय सत्तरीच्या पुढचे. चहा झाला. त्यांनी विचारले, उत्सव कसा वाटला? मी मुलास म्हणालो, "यांना सांग, माझे आजोबा पालखी वाहत असत. तोच त्यांचा धंदा होता."

मुलगा गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, हे सांगायलाच पाहिजे का?"

मी त्यास रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? एवढेच म्हणालो, की तुझी इच्छा नसेल तर राहू दे. त्याने क्षणभर कपाकडे पाहिले आणि जपानीत सांगितले. काकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आपल्या बंडीची कॉलर खाली ओढली आणि पाठ माझ्याकडे केली. मानेखाली, खांद्याच्या वर, घट्टा! सुपारीएवढा कशाला, लिंबाएवढा. मुलाने सांगितले की जुन्या मिकोशीवाल्यांच्या खांद्यास असा घट्टा येतो, त्याला वेगळे नावही आहे, आणि तो दाखवावयास ती मंडळी फार उत्सुक असतात. माझ्याने राहवले नाही. मी त्या घट्ट्यास हात लावला. आमच्या आजोबांचा मी कधी लावला नव्हता.

बंधुभगिनींनो, येथे टाळ्या नकोत. कारण मी गुरुजी आहे, आणि अर्धे उदाहरण फळ्यावर लिहून सोडणे मला जमत नाही. घरी येऊन मी त्या मुलाकडून आणखी माहिती काढली. ज्या शहरात देवाची पालखी वाहणे हा मान होता, त्याच शहरात माणसांना वाहणारेही भोई होते. कागो नावाची एका दांडीची डोली दोघेजण खांद्यावर नेत. त्या डोलीवाल्यांना कोणी मान देत नसे. तो हलका धंदा समजला जाई. पुढे १८७० च्या सुमारास जपानातच माणसाने ओढावयाची रिक्षा निघाली, तीच पुढे आपल्याकडे सिमला आणि कलकत्त्यास आली. आणि याच असाकुसात, त्या देवळापासून फार दूर नव्हे, दान्झाएमोन या वंशपरंपरागत नावाने ओळखला जाणारा अस्पृश्यांचा मुखिया राहत असे. होय, जपानातही अस्पृश्य होते. जनावरांची कातडी काढणारे, प्रेते उचलणारे यांना 'एता' व 'हिनिन' म्हणत. १८७१ साली सरकारने हुकूम काढून तो भेद कायद्याने बंद केला. पण लग्ने ठरविताना तो त्यानंतरही कित्येक पिढ्या उकरून काढला जात होता. तेव्हा तेथे सर्व आलबेल आहे असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही.

मग फरक कशात आहे? मी पुष्कळ विचार केला. काकांनी ओझे घेतले ते स्वतः होऊन, वर्षाचे तीन दिवस, आणि आत देव होता. आजोबांना निरोप येई, आणि आत माणूस होता. खांदा तोच, घट्टा तोच. आजोबांना लाज वाटावी असे त्यांच्या खांद्याने काहीच केले नव्हते. लाज वाटावयाची तर ती निरोप पाठविणाऱ्याला वाटावयास हवी होती. उपरणे मात्र आजोबांनी घेतले, आणि त्यांच्यानंतर मी.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही पुन्हा हजर होतो. मुख्य पालख्या निघताना जी झोंबाझोंबी होते ती पाहून आपल्याकडच्या मिरवणुकांस मी यापुढे नावे ठेवणार नाही. पुढच्या दांडीस कोणी हात लावावा यावरून तेथेही रुसवेफुगवे आहेत. २००७ साली काही दांडगट मंडळी देवाच्या पालखीवरच चढून बसली, आणि त्यांत गुंडांच्या टोळ्यांची माणसे होती असे म्हणतात. देवस्थानाने काय केले? २००८ साली मुख्य तिन्ही पालख्या बाहेर काढल्याच नाहीत. गर्दीला भिऊन नव्हे. देवाच्या डोक्यावर बसणाऱ्यांस देव मिळणार नाही म्हणून. एवढा निश्चय आपल्या उत्सव समित्यांच्या अंगी येईल तो सुदिन. डी.जे.वाल्यास नाही म्हणावयाचे म्हटले तरी आपल्या तीन बैठका होतात.

विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. अध्यक्ष महाराज क्षमा करोत. निषादराज गुहाची जयंती आपण दर वर्षी साजरी करितो. रामचंद्रास गंगेपार नेणारा तो आपला पूर्वज, असे प्रत्येक वक्ता सांगतो, मीही सांगितले आहे. नेणाराच तो! नावेतून नेले म्हणून आपण त्याचा जयजयकार करितो, आणि खांद्यावरून नेले म्हणून आपल्याच आजोबांचे नाव घरात काढीत नाही. आणि जयंतीच्या मिरवणुकीत गुहाची तसबीर कशात बसते? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. साऱ्या जिल्ह्यात पालखी उचलण्याची विद्या ज्या एका समाजाकडे होती, त्या समाजाचा देव ट्रॉलीत! मागील बैठकीत मी हे बोललो तेव्हा एक तरुण कार्यकर्ते म्हणाले, "गुरुजी, पुन्हा पालखी घेतली तर लोक म्हणतील, भोई ते भोईच." त्यांचे म्हणणे मी खोटे ठरवू शकत नाही. लोक म्हणतील. काही जण नक्कीच म्हणतील. मला एवढेच वाटते की त्यांनी म्हणावे आणि आपण दांडी खाली ठेवू नये. आणि मुलींनाही दांडीला लावावे. टोकियोत मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या मुली आज पोलीस शिपाई होतात, तलाठी होतात. चार पावले पालखी त्यांच्या खांद्याला जड होणार नाही.

एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. मालगुजारी गेल्यावर वाड्यातील मेणा मोडीत निघाला. त्याची सागवानी दांडी आजोबांनी मागून आणली. का आणली, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. आमच्या गोठ्यात ती आडवी टाकलेली होती. वडील तिच्यावर जाळी वाळत घालीत, आणि अलीकडे तिच्यावर काहीच नसते. मागच्या महिन्यात चिरंजीवांचा टोकियोहून दूरध्वनी आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने विचारले, "बाबा, ती दांडी अजून आहे ना? तिची लांबी मोजून सांगाल का?" मी शिवणाची टेप घेऊन गेलो, सौभाग्यवतींनी दुसरे टोक धरले. साडेबारा फूट भरली. वाड्याकडच्या टोकाला पितळेची टोपी अजून आहे. दुसऱ्या टोकाला मात्र वाळवी लागली आहे. तो हातभर भाग कापावा लागेल, बाकी लाकूड निरोगी आहे. पुढील जयंतीस समितीने पालखी करावयाचे ठरविल्यास ती मी समाजाच्या स्वाधीन करण्यास तयार आहे. सुतारास दाखविण्यासाठी कोणी कार्यकर्ता आल्यास मी सकाळी अकरापर्यंत घरीच असतो.